सीपीएसएसला जाण्याआधी

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

वायुसेनेची प्रवेश परीक्षा एएफकॅट पास झालीस, निवड मंडळाचा म्हणजे एएफएसबीचा कॉलही आला. वाचून फार बरं वाटलं. पण एवढ्या लांबलचक पत्रात निम्म्याहून जास्त मजकूर सीपीएसएसच्या, म्हणजे वैमानिक निवडण्याच्या संगणकावरच्या चाचणीच्या, सरावाला लागणाऱ्या जॉयस्टिकबद्दल? कुठली घ्यावी, पॅडलसकट सेट घ्यावा का, रोज गेम खेळून हात बसेल का. सरळ सांगतो, यातलं काहीही विकत घेऊ नकोस.

सीपीएसएस आयुष्यात एकदाच देता येते. त्यात नापास झालं की फ्लाइंग शाखेचं दार कायमचं बंद, मग तू एनडीएच्या परीक्षेतून ये, सीडीएसच्या परीक्षेतून ये, नाहीतर पुन्हा एएफकॅट दे. सीपीएसएसच्या आधी जी पीएबीटी नावाची चाचणी होती, तिलाही हाच नियम होता. हा नियम क्रूर आहे असं तू लिहिलंस. मला तसं वाटत नाही. वैमानिक घडवणं हे अतोनात खर्चाचं आणि जोखमीचं काम आहे, त्यामुळे कोण पटकन शिकेल हे आधीच ओळखावं लागतं. तीच चाचणी दुसऱ्यांदा दिली की गुण सहसा वाढतातच, पण ते सरावामुळे वाढले की अंगात मुळात होतं, हे सांगता येत नाही. म्हणून पहिलाच हात मोजतात. कोचिंगवाले ‘हुबेहूब सीपीएसएस मशीन’ म्हणून जे दाखवतात त्यावर मी तरी पैसे घालवणार नाही. वेगळ्या दांड्याची, म्हणजे जॉयस्टिकची, सवय लागली तर ती ऐन वेळी आडवीच यायची.

मग तयारी कशाची? सगळ्यात आधी ऐकण्याची. मुलं या चाचणीत हातामुळे अडतात त्यापेक्षा सूचना अर्धवट ऐकल्यामुळे जास्त अडतात, असं माझं मत आहे. कोणाला तरी पाच-सहा पायऱ्यांची एखादी सूचना इंग्रजीत एकदाच वाचायला सांग, मध्ये एक अट घालून: ‘लाल दिसलं तर डावं बटण, पण आवाज आला तर काहीच दाबू नकोस.’ मग न विचारता करून दाखव. पहिल्या आठवड्यात चिडशील, पण सोडू नकोस. आणि तिथे शंका आली तर चाचणी सुरू होण्यापूर्वी विचार. शेजारचा काय करतोय ते बघू नकोस.

दुसरं म्हणजे दांडा हातात आल्यावर काय होतं ते ठाऊक असू दे. विमानात दांडा मागे ओढला की नाक वर जातं, पुढे ढकलला की खाली. उजव्या पॅडलवर पाय दाबला की नाक उजवीकडे वळतं. इतकं डोक्यात पक्कं असलं म्हणजे पुरे. खरी गडबड पुढे असते. पडद्यावरचा ठिपका सरकला की नवखा माणूस दचकून जोरात दांडा ओढतो. ठिपका मधली जागा ओलांडून पलीकडे जातो, मग तितक्याच जोरात उलटं. नुकती सायकल शिकणाऱ्याचं हँडल जसं झोकांड्या खातं, तसंच. दांडा बोटांनी हलका धर, थोडा हलव, काय होतंय ते क्षणभर बघ, मगच पुढचं. पाय पॅडलवर टेकलेले असू देत, रोवलेले नकोत. चूक झालीच तर ती तिथेच सोडून दे. मागच्या चुकीचा विचार करत बसलं की पुढच्या दोन होतात.

विमानातले डायल वाचायला मात्र जरूर शीक. पीएबीटीत त्याचा वेगळा लेखी भागच असे, आणि ते ज्ञान वाया जात नाही. उदाहरणार्थ, उंची दाखवणारा तीन काट्यांचा आल्टिमीटर. लांब काटा शेकडे दाखवतो, आखूड काटा हजार, तिसरा दहा हजार. आता लांब काटा 9 वर आहे आणि आखूड काटा जवळजवळ 8 ला टेकलाय. बहुतेक जण 8,900 लिहून मोकळे होतात. पण काटा 8 ला पोचलेला नाही, पोचायच्या बेतात आहे. उंची 7,900 फूट. तसंच कृत्रिम क्षितिजाचं, म्हणजे विमान किती कललंय ते दाखवणाऱ्या डायलचं. त्यातली विमानाची छोटी आकृती जागची हलत नाही, मागची क्षितिजरेषा कलते. रेषेचं उजवं टोक वर गेलेलं दिसलं तर विमान उजवीकडे कललंय, कारण उजवा पंख क्षितिजाच्या खाली आहे. पाठ करू नकोस. तळहात पंखासारखा आडवा धर, उजवीकडे कलव आणि मान हातासोबत वाकवून खिडकीची चौकट बघ. एकदा डोळ्यांना पटलं की विसरणार नाहीस.

आता थोडं क्रमाबद्दल. सीपीएसएसला बसवतात ते एएफएसबीतली मुलाखत, ग्रुप टास्क, मानसशास्त्रीय चाचण्या आणि कॉन्फरन्स (मंडळाची शेवटची बैठक) पार करून शिफारस झालेल्यांनाच. त्यामुळे आत्ता सगळा जीव मशीनमध्ये अडकवून ठेवशील तर तिथवर पोचायचीच नाहीस. शिफारस झाल्याच्या आनंदात रात्रभर गप्पा मारत जागणारी मुलंही असतात. तू जेव आणि झोप. झोप कमी झाली की लक्ष विभागण्याची ताकद कमी होते, आणि या चाचणीत तीही मोजतात.

ग्राउंड ड्यूटीचा, म्हणजे न उडणाऱ्या शाखांचा, पर्याय भरायचा की नाही, असंही विचारलं आहेस. उडायचं नसेल तर वायुसेना नकोच, असं तुला मनापासून वाटत असेल तर नको भरूस. नाहीतर भर. सीपीएसएस गेली तरी गणवेशाची वाट संपत नाही, आणि तांत्रिक शाखेतले अधिकारी काही दुय्यम नसतात.

आणि सगळ्यात सोपी गोष्ट, जी तू पत्रात कुठेच लिहिली नाहीस: मापं. फ्लाइंगसाठी उंची किमान 162.5 सेंमी लागते. भिंतीला पाठ टेकून, पाय सरळ पसरून बसल्यावर पाठीमागच्या भिंतीपासून टाचेपर्यंत पायाची लांबी 99 ते 120 सेंमीमध्ये हवी, आणि मांडीची लांबी 64 सेंमीपेक्षा जास्त नको. बसकी उंची, म्हणजे बसल्यावर बैठकीपासून डोक्यापर्यंतची, 81.5 ते 96 सेंमी. कॉकपिटची सीट आणि पॅडल यांच्या मापात शरीर बसावं म्हणून हे आकडे आहेत, तिथे मार्कांचा उपयोग नाही. आज रात्रीच आईला टेप धरायला सांग आणि चारही आकडे मला कळव. पाय दोन्ही मोज, आणि टेप ढिली धरू नका.

तुझा,
सर