गाईडनंतर काय? रेंजरच्या वाटेवरचे प्रश्न

दहावीचा निकाल लागला की हेच प्रश्न नव्याने येतात, फक्त पाठवणारीचं स्टेशन बदलतं. म्हणून या वेळी सगळ्यांना एकत्र उत्तरं.

मुलगी दहावीपर्यंत गाईड होती. आता तिचं वय संपलं का? (एक आई, कोपरखैरणे)

नाही. स्काऊट-गाईड चळवळीत गाईडच्या पुढचा विभाग रेंजर. अकरावीच्या वयापासून पंचविशीपर्यंत.

पण तिच्या ज्युनिअर कॉलेजात रेंजर टीमच नाही. (त्याच आई)

शाळा-कॉलेजाशी न जोडलेलं खुलं पथकही चालतं. जिल्हा संघटनेकडे चौकशी करा. मात्र जिल्हा कोणता ते आधी पाहा, इथे नवी मुंबईकर हमखास चुकतात. वाशी, नेरुळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतात. खारघर, कामोठे, पनवेल रायगडात. पथक सापडलं की तीन गोष्टी विचारा: पथकाचा चार्टर (मान्यतापत्र) आहे का, या वर्षीची नोंदणी झाली आहे का आणि लीडरकडे वॉरंट (नेमणूकपत्र) आहे का. "कागद होतील हो नंतर" असं कुणी म्हणालं तर फी देऊ नका. नोंदणी नसेल तर त्या वर्षाचं काम पुढे धरलं जाईलच याची खात्री नसते.

एनसीसी, एनएसएस की रेंजर? (प्रथम वर्ष, ठाणे)

सैन्यात जायचं असेल तर एनसीसी. 'सी' प्रमाणपत्रात किमान 'बी' श्रेणी मिळाली आणि पदवीला 50 टक्के असले, तर एनसीसी विशेष प्रवेशातून लेखी परीक्षा न देता थेट एसएसबी (सैन्याधिकारी निवड मंडळ) मुलाखतीसाठी अर्ज करता येतो. मुलींनाही. एनएसएसमध्ये वर्षाला 120 तास, म्हणजे दोन वर्षांत 240, आणि सात दिवसांचं शिबिर. कॉलेज सांभाळून हे जमतं. रेंजरला कॉलेज संपल्याची अडचण नाही, पंचविशीपर्यंत चालू राहता येतं. तिन्हींत एकदम नाव घालू नका, रविवारची सकाळ एकच असते. प्रवेशाआधी कॉलेजातल्या तिन्ही प्रमुखांना कवायतीचे आणि सभांचे वार विचारून घ्या.

एक गृहस्थ म्हणतात, राष्ट्रपती पुरस्काराचं प्रमाणपत्र "करून देतो", रेल्वेत नोकरी पक्की. खरं आहे का? (एक वडील, कळवा)

खोटं आहे. पैसे तर जातीलच, वर मुलीच्या नावावर बनावट कागदाचा डाग लागेल तो वेगळा.

रेल्वेत स्काऊट-गाईड कोटा आहे, एवढं मात्र खरं. त्यासाठी राष्ट्रपती पुरस्कार (रेंजरची सर्वांत वरची पायरी) किंवा हिमालय वुड बॅज (लीडरच्या प्रशिक्षणाचा वरचा टप्पा) लागतो, अलीकडची पाच वर्षं सक्रिय सदस्यत्व लागतं आणि राष्ट्रीय व राज्य पातळीवरच्या मेळाव्यांतला सहभाग दाखवावा लागतो. शिवाय लेखी परीक्षा असते. जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. अटी प्रत्येक जाहिरातीत नव्याने वाचा आणि कोणत्या संघटनेची प्रमाणपत्रं ग्राह्य आहेत तेही तिथेच पाहा.

आता खरं दुखणं. रेंजरच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत: प्रवेश, प्रवीण, निपुण, राज्य पुरस्कार, मग राष्ट्रपती पुरस्कार. प्रत्येक पायरीला किमान कालावधी आहे, तो कुणाच्या ओळखीने कमी होत नाही. आणि वय पंचविशीला थांबतं. बारावीच्या क्लाससाठी दोन वर्षं "जरा थांबते" म्हणणारी मुलगी विसाव्या वर्षी परत येते, तेव्हा हातात जेमतेम पाच वर्षं उरतात. त्यातच डिग्रीची परीक्षा, पहिली नोकरी, घरच्यांची लग्नाची घाई. थांबू नका. महिन्यातून एक रविवार द्या, पण नोंदणी आणि लॉगबुक (केलेल्या कामांची वही) चालू ठेवा.

लॉगबुक! सगळ्यात जास्त गाडी अडते ती इथे. वही उघडली की तीन वर्षांच्या नोंदी एकाच निळ्या पेनाने, एकाच तिरप्या अक्षरात, सह्यांची शाईसुद्धा एकाच दिवसाची. वृक्षारोपण एप्रिलच्या रखरखाटात, तलावपाळीची स्वच्छता ऐन परीक्षेच्या दिवशी. तपासणाऱ्याला हे दहा मिनिटांत कळतं. नोंद अशी हवी: तारीख, जागा, किती ते किती वाजेपर्यंत, स्वतः काय केलं, सोबत किती जणी होत्या. "समाजसेवा केली" ही नोंद नव्हे. "मनपा शाळेत चौथीच्या 14 मुलांना 9 ते 11 वाचन घेतलं" ही नोंद. लीडरची सही त्याच आठवड्यात घ्या. लीडर बदलल्या, गावी गेल्या, निवृत्त झाल्या की जुन्या नोंदींवर सही करायला कुणी उरत नाही. दर तीन महिन्यांनी प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा, पावसाळ्यात भिजलेली वही वाचता येत नाही. पुढच्या पायरीला पात्र आहात की नाही, हे जिल्हा संघटक आयुक्तांकडून तपासून घ्या. मैत्रिणीच्या सांगण्यावर जाऊ नका.

शिबिरात पाळी आली तर? लाज वाटते विचारायला. (रेंजर, ऐरोली)

लाजू नका, लीडरला पहिल्याच दिवशी सांगा. सामान अंदाजापेक्षा दीडपट न्या. गडबडीत, प्रवासात पाळी पुढेमागे होते. पॅड चार ते सहा तासांनी बदला, मग रक्तस्राव कमी का असेना. वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून झाकणाच्या डब्यात टाका. शौचालयात किंवा तंबूमागच्या चरात कधीही नको. चर तुंबतो आणि कुत्री उकरतात. दुखण्याची गोळी दुसरीच्या पाकिटातली घेऊ नका, स्वतःच्या डॉक्टरांना आधी विचारून स्वतःची न्या. दर महिन्याला अंथरूण धरावं लागत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.

पावसाळ्यात येऊरला रात्रीचा कॅम्प करावा का? (रेंजर टीम, ठाणे)

वन विभागाच्या परवानगीशिवाय नाही. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि तिथे बिबटे आहेत. दिवसाची भटकंती करायची तर त्याचीही चौकशी आधी करा. शिट्टी प्रत्येकीच्या गळ्यात हवी, बॅगेत नको. ओढ्याचं पाणी अचानक गढूळ झालं किंवा पाचोळा वाहत आला, की वर जोराचा पाऊस झाला आहे असं समजा आणि तिथून तत्काळ मागे फिरा. रील काढायला थांबू नका.

पुण्याचं 'संगम' फक्त परदेशी मुलींसाठी आहे का? (वाशी)

नाही. ते 1966 पासूनचं जागतिक गाईड केंद्र आहे, भारतीय मुलीही जातात. कार्यक्रम आणि अटी थेट केंद्राकडे विचारा.

माझं वय 24. राष्ट्रपती पुरस्कार आता होणार नाही. मग सगळं फुकट? (नेरुळ)

तुम्ही कोणत्या पायरीवर आहात ते लिहिलं नाहीत, त्यामुळे "होणार नाही" हे तुम्ही स्वतःच ठरवलंय की कुणी तपासून सांगितलंय, ते कळत नाही. वही घेऊन याच आठवड्यात जिल्हा कार्यालयात जा. तिथेही नाहीच म्हणाले, तर लीडर व्हा: आधी बेसिक कोर्स, मग अॅडव्हान्स, त्यानंतर हिमालय वुड बॅज. कोर्सच्या जागा लवकर भरतात आणि कार्यरत पथक हाताशी लागतं. तेव्हा वही तपासून घ्यायला जाल, त्याच फेरीत पुढच्या बेसिक कोर्सची तारीख विचारून या.