अळी मरावी, स्ट्रॉबेरी जगावी

पत्र: मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय प्राणिशास्त्र. प्रात्यक्षिकात आम्ही स्ट्रॉबेरी मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवल्या, तर थोड्या वेळात आतून बारीक पांढऱ्या अळ्या वळवळत बाहेर आल्या. काढलेल्या फळांतली ही कीड विषारी धुरी न देता कशी मारायची, हेच तेव्हापासून डोक्यात आहे. यात करिअर होतं का? पुढे कीटकशास्त्र घेऊ की अन्नतंत्रज्ञान? फळांवर किरणं सोडूनही कीड मारतात म्हणे, पण आई म्हणते, त्या किरणांच्या कामाच्या वाऱ्यालाही उभी राहू नकोस.

उत्तर: त्या अळ्या बघून बहुतेक जण स्ट्रॉबेरी खाणं सोडतात, तू करिअर शोधायला लागलीस! होतं, यात करिअर होतं. पण 'कीड कशी मारायची' हा प्रश्न जरा बाजूला ठेव, कारण तो यातला सोपा भाग आहे. तापवलं, गारठवलं, हवा काढून घेतली की अळी मरतेच. पंचाईत ही की ती ज्या फळात बसली आहे तेही जिवंत असतं. तोडल्यावरही फळ श्वास घेत असतं. त्यातून मऊ फळाला ना जाड साल, ना टिकाऊपणा.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने पहिल्याच प्रयोगात चेंबरमधला ऑक्सिजन जवळजवळ संपवला आणि कार्बन डायऑक्साइड भरला. झाकण उघडलं तेव्हा अळ्या मेलेल्या आणि फळं लालचुटूक. गडी खूश! मग एक फळ चावून पाहिलं, तर तोंडभर दारूचा वास. ऑक्सिजन मिळेनासा झाला की फळ आतल्या आत आंबतं. "मॅडम, अळ्या गेल्या, पण फळही घेऊन गेल्या," असं तो फोनवर म्हणाला होता. तुझं सगळं काम या दोन मरणांच्या मधल्या फटीत आहे, आणि मऊ फळात ती फट फारच अरुंद असते.

धुरीचं म्हणशील तर मिथाइल ब्रोमाइड हा वायू वर्षानुवर्षं चालला, कारण तो काही तासांत काम उरकतो. पण तो ओझोनचा थर विरळ करतो. म्हणून माँट्रियल करारानुसार विकसित देशांनी 2005पर्यंत आणि विकसनशील देशांनी 2015पर्यंत त्याचा नेहमीचा वापर थांबवायचा ठरलं. क्वारंटाइन (मालाबरोबर परकी कीड देशात शिरू नये म्हणूनचा बंदोबस्त) आणि जहाजावर चढवण्यापूर्वीच्या धुरीला मात्र सूट राहिली. म्हणजे पर्याय शोधण्याचं काम अजून संपलेलं नाही. त्यात 2008मध्ये ड्रोसोफिला सुझुकी ही पूर्व आशियातली माशी अमेरिकेच्या मुख्य भूमीवर आणि युरोपात सापडली. साधी ड्रोसोफिला सडक्या फळावर जाते. या बाईसाहेबांचा अंडी घालायचा अवयव करवतीसारखा दातेरी असतो, त्यामुळे त्या पिकू लागलेल्या, धडधाकट फळाची साल चिरून आत अंडी घालतात. भिंगाखाली धर, सालीतून केसासारखे दोन पांढरे तंतू डोकावताना दिसतील. अंड्याच्या श्वासाच्या नळ्या आहेत त्या.

थंडीचा उपाय जुना आणि भरवशाचा. भूमध्य फळमाशीसाठी 1.11 अंश सेल्सिअस किंवा त्याखाली 14 दिवस, असं एक मान्य वेळापत्रक आहे. (मराठीत ड्रोसोफिला आणि ही, दोघींनाही फळमाशीच म्हणतात, पण हिचं कुळ वेगळं. परीक्षेत घोळ घालू नकोस.) हे तापमान खोलीचं धरत नाहीत, फळाच्या गरात खुपसलेल्या सेन्सरचं धरतात. पेटीच्या मधोमध असलेलं एखादं फळ गार व्हायला उशीर झाला, तर दिवसांची मोजणीही तेव्हापासूनच. संत्र्याला 14 दिवस जड जात नाहीत, पण स्ट्रॉबेरीचं तेवढ्यात आयुष्यच सरतं. म्हणून तिथे खरी लढाई शेतातच लढतात: वेळेवर तोडणी, जास्त पिकलेलं फळ झाडावर किंवा खाली न ठेवणं, आणि तोडल्याबरोबर गारवा.

आता आईंची किरणं. कोबाल्ट-60ची गॅमा किरणं, क्ष-किरणं किंवा इलेक्ट्रॉनचा झोत, यांपैकी काहीही या कामासाठी ठरवून दिलेल्या मर्यादेत वापरलं तरी फळ किरणोत्सारी होत नाही. भूमध्य फळमाशीच्या कुळासाठी 150 ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजायचं एकक) हा आंतरराष्ट्रीय मानकातला डोस आहे. गंमत म्हणजे त्याने अळी लगेच मरेलच असं नाही, पण तिची माशी होत नाही. त्यामुळे तपासनीसाला जिवंत अळी दिसली तरी माल पास होऊ शकतो! अशा विकिरण केंद्रात काम करायचं तर किरणसुरक्षेचं रीतसर प्रशिक्षण घ्यावं लागतं, आणि अंगावर किती मात्रा आली ते मोजणारा बिल्ला लावूनच वावरावं लागतं. आईंना हा परिच्छेद वाचून दाखव.

कीटकशास्त्र की अन्नतंत्रज्ञान? तुझ्यासाठी मी कीटकशास्त्रच म्हणेन, पण काढणीपश्चात शरीरक्रियाशास्त्राचा, म्हणजे तोडलेल्या फळाच्या आत काय घडतं त्याचा, एखादा पेपर जोडून घे. प्रवेश घेण्याआधी तिथे कीटकांची पैदास करण्याची सोय आहे का, ते विचार. हजारोंनी अळ्या हाताशी नसतील तर या विषयात काही सिद्ध करता येत नाही.

आणि संख्याशास्त्र. तू पत्रात त्याचं नावही काढलेलं नाहीस, म्हणून काळजी वाटते. क्वारंटाइनचा जुना कडक निकष 99.9968 टक्के मरणाचा, म्हणजे दहा लाखांत फार तर 32 वाचलेल्या. हे 95 टक्के खात्रीने म्हणायचं तर 93,613 किडींवर उपचार करून एकही जिवंत सापडता कामा नये. मोजायच्या कुणी? तूच. पहिली दोन-तीन वर्षं बरीचशी अशीच जातील: गारठलेल्या खोलीत स्वेटर घालून चिमट्याने अळी ढोसायची, ती हलते का बघायचं आणि वहीत रेघ मारायची.

पुढे नोकऱ्या संशोधन संस्थांत, क्वारंटाइन खात्यात, विकिरण केंद्रांत, निर्यातदारांच्या पॅकहाउसमध्ये आणि नियंत्रित हवेचे कंटेनर चालवणाऱ्या कंपन्यांत असतात. सरकारी जागा मोजक्या निघतात, तेव्हा फक्त त्यांच्यावर डोळा ठेवू नकोस.

सुट्टीत तोच मिठाच्या पाण्याचा प्रयोग पुन्हा कर. एकाच ढिगातल्या निम्म्या स्ट्रॉबेरी तीन दिवस फ्रिजमध्ये ठेव, निम्म्या बाहेर, आणि दोन्हींतल्या जिवंत अळ्या मोज. आकडे मला पाठव. मोजताना कंटाळा आला असेल तर तेही लिही.