पाचवीतल्या मुलीच्या गणित स्पर्धेसाठी 54 हजारांचे हप्ते सुरू करावेत का?

प्रश्न सांगलीच्या एका ताईंचा आहे. मुलगी पाचवीत, सेमी-इंग्रजी. एका ऑनलाइन गणित स्पर्धेत तिला 'राष्ट्रीय क्रमांक' मिळाला आणि दुसऱ्याच दिवशी कंपनीचा फोन आला: दीड वर्षाचं ऑलिम्पियाड पॅकेज, दरमहा 3,000 रुपयांचे 18 'बिनव्याजी' हप्ते. एकरकमी भरले तर 46,000. घरात महिन्याला 58,000 येतात. घराचा हप्ता 17,400, दुचाकीचा 3,100, घरखर्च 28,000. बँकेत 80,000 शिल्लक.

ताई, माझं उत्तर 'घेऊ नका' असं आहे. मुलीचं गणित हे त्याचं कारण नाही.

आधी 'बिनव्याजी'चं बघू. तीच वस्तू रोखीत 46,000 ला आणि हप्त्यांत 54,000 ला मिळत असेल, तर मधले 8,000 हे व्याजच. दर काढला तर वर्षाला जवळपास 21 टक्के पडतो. असे हप्ते म्हणजे सहसा एखाद्या वित्तसंस्थेचं कर्जच असतं. त्या कर्जाच्या कागदावर कदाचित व्याज शून्यच दिसेल, कारण ते कंपनी वित्तसंस्थेला परस्पर देते आणि किमतीत आधीच चढवून ठेवते. म्हणून कागदावरचा दर विचारू नका, रोखीची किंमत विचारा. ती तुम्ही विचारलीत, हे उत्तम केलंत.

दुसरी अडचण याहून मोठी. पैसे कंपनीला एकदम मिळतात, हप्ता मात्र तुम्ही वित्तसंस्थेला देता. चौथ्या महिन्यात मुलगी कंटाळली किंवा शिकवणारे बदलले, तरी कर्ज चालूच. हप्ता चुकला की सिबिल स्कोअर तुमचा खाली जातो. आज तुमचे हप्ते उत्पन्नाच्या 35 टक्के आहेत, ते 40 च्या वर जातील. 80,000 म्हणजे दोन महिन्यांचाही खर्च नाही, आणि माझ्या मते ती रक्कम तीन लाखांच्या जवळ जाईपर्यंत तरी नवं कर्ज नको. करात सूट मिळते असं कुणी सांगितलं असेल तर तेही खरं नाही: 80सी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सवलतीत शाळा-कॉलेजची ट्यूशन फी बसते, खासगी शिकवणी नाही, आणि नव्या करप्रणालीत तर तीही नाही.

आता क्रमांकाचं. भारतातून खऱ्या आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडला जाण्याची वाट होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या कार्यक्रमातून जाते: आयओक्यूएम ही पात्रता परीक्षा, मग आरएमओ ही प्रादेशिक फेरी, आयएनएमओ ही राष्ट्रीय फेरी, प्रशिक्षण शिबिर आणि शेवटी सहा जणांचा संघ. पहिली पायरीच आठवी ते बारावीच्या मुलांसाठी आहे. पाचवीतला खासगी क्रमांक तिथे मोजला जात नाही. स्पर्धा वाईट असते असं नाही. पण निकालासोबत प्रश्नपत्रिका आणि प्रश्नवार उत्तरं परत मिळतात का, आणि क्रमांक एकूण किती मुलांतला, हे दोन प्रश्न विचारा. नुसतं पदक आणि 'पुढच्या फेरी'ची फी आली, तर तो ग्राहक शोधण्याचा उद्योग समजा.

मुलीला खरंच गोडी आहे का, हे घरीच कळेल. तिला विचारा: 1 ते 100 लिहिताना 7 हा अंक किती वेळा लिहावा लागतो? बरीच मुलं 10 किंवा 19 सांगतात. 19 म्हणजे 7 असलेल्या संख्या; 77 मध्ये तो दोनदा येतो, म्हणून उत्तर 20. चूक झाली तरी चालेल. 'थांब, सांगू नकोस' म्हणून ती वही ओढून घेते का, ते बघा. पॅकेजच्या डेमोत बहुधा वेगाचे गुणाकार असतात, त्यातून हे कळत नाही.

यंदा तिच्या गणितावरच्या खर्चाला 3,500 रुपयांची मर्यादा ठेवा. शाळेतून शिष्यवृत्ती परीक्षा आणि गणित अध्यापक महामंडळाच्या परीक्षा भरता येतात. कुठली कुठल्या इयत्तेला, ते वर्गशिक्षकांना विचारा. अमेरिकेतल्या एएमसी 8 या आठवीपर्यंतच्या गणित स्पर्धेचे जुने पेपर इंटरनेटवर फुकट मिळतात: 25 प्रश्न, 40 मिनिटं. पाचवीला पहिले दहा-बारा पुरेत, आणि सुरुवातीला घड्याळ नको. सेमीच्या मुलांना गणितापेक्षा प्रश्नाचं इंग्रजी अडवतं. तो आधी मराठीत सांगून घ्या.

तेच 3,000 रुपये 18 महिने आवर्ती ठेवीत टाकलेत, तर साडेसहा टक्क्यांनी सुमारे 56,800 होतील. आठवीत तिची ओढ टिकली, तर शिकवणीचे पैसे रोख हातात असतील. तरीही क्लास लावायचाच असेल, तर तीन-तीन महिन्यांची फी भरा.

फोनवर ओटीपी दिला असेल तर आजच बँकेच्या अॅपमध्ये आणि यूपीआयमध्ये 'मँडेट' बघा. मँडेट म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापण्याची परवानगी; ती देऊ नका, असा इशारा शिक्षण मंत्रालयानेच डिसेंबर 2021 मध्ये दिला होता. कर्ज मंजूर झालं असेल तर वित्तसंस्थेला लगेच ईमेल करा: डिजिटल कर्जात रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार दंडाशिवाय बाहेर पडायला किमान एक दिवसाची मुदत द्यावीच लागते. कंपनीने टाळाटाळ केली, तर ग्राहक हेल्पलाइन 1915.