नव्या आवृत्तीत काय आले आणि काय गेले

‘रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स’ या सर्व्हर चालवणाऱ्या प्रणालीची दहावी आवृत्ती मे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. तेव्हापासून या सदराकडे आलेल्या बहुतेक पत्रांत नव्या सोयींविषयीचे कुतूहल आहे, पण त्याहून अधिक काळजी आहे ती चालू सर्व्हरांची. ती काळजी मला योग्य वाटते. एखाद्या आवृत्तीत काय नव्याने आले हे जाहीर निवेदनात ठळकपणे सांगितले जाते. काय काढून टाकले हे मात्र आपल्यालाच शोधावे लागते, आणि रात्री-अपरात्री सर्व्हर बंद पडतो तो बहुधा या दुसऱ्या यादीमुळे. निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आमचे काही सर्व्हर दहा-बारा वर्षांचे असले तरी व्यवस्थित चालतात. त्यांवर दहावी आवृत्ती बसेल का?

सर्व्हरचे वय किती यापेक्षा त्याच्या प्रोसेसरला कोणत्या सूचना समजतात, हे येथे महत्त्वाचे आहे. नवव्या आवृत्तीला ‘एक्स८६-६४-व्ही२’ या पातळीचा प्रोसेसर पुरत होता. दहाव्या आवृत्तीला ‘व्ही३’ लागतो, म्हणजे एव्हीएक्स२, बीएमआय२, एफएमए यांसारखे सूचनासंच प्रोसेसरमध्ये असावे लागतात. इंटेलच्या प्रोसेसरांत हे संच २०१३ च्या हॅसवेल पिढीपासून आले. मात्र त्या काळातील पेंटियम आणि सेलेरॉन नावाच्या स्वस्त प्रोसेसरांत ते नव्हते, त्यामुळे केवळ खरेदीच्या वर्षावरून निष्कर्ष काढू नये. प्रॉक निर्देशिकेतील ‘सीपीयूइन्फो’ ही फाइल उघडून ही नावे आहेत का ते पाहावे.

व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एका यंत्रावर सॉफ्टवेअरने उभे केलेले दुसरे यंत्र, वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. मूळ यंत्र अगदी नवे असले, तरी वेगवेगळ्या पिढ्यांच्या यंत्रांमध्ये मशीन हलवता यावे म्हणून प्रोसेसरचा प्रकार पूर्वी कोणी ‘सर्वसामान्य’ असा ठेवलेला असतो, आणि मग आतल्या प्रणालीला एव्हीएक्स२ दिसतच नाही. अशा वेळी नवे हार्डवेअर घेण्याची गरज नसते. प्रोसेसरचा प्रकार बदलला की काम होते. ज्यांचे यंत्र खरोखरच जुने आहे, त्यांनी नवव्या आवृत्तीवर निर्धास्त राहावे. तिची देखभाल मे २०३२ पर्यंत चालणार आहे.

प्रश्न : ‘इमेज मोड’ म्हणजे नेमके काय? आमच्या तीन जणांच्या विभागाने त्याच्या वाटेला जावे का?

या आवृत्तीतील हा सर्वांत मोठा बदल आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. आजवरच्या पद्धतीत सर्व्हर एकदा उभा केला की त्यावर पॅकेजे, म्हणजे सॉफ्टवेअरचे तयार गठ्ठे, एकेक करून बसवली जातात, बदलली जातात, काढली जातात. दोन वर्षांनी एकाच दिवशी उभे केलेले पाच सर्व्हर पाच प्रकारचे झालेले असतात. एकावर कोणीतरी घाईत बसवलेले पॅकेज असते, दुसऱ्यावर एक अपडेट राहून गेलेले असते, आणि या फरकांची नोंद कुठेही नसते. इमेज मोडमध्ये कर्नलसह (म्हणजे प्रणालीच्या गाभ्यासह) संपूर्ण प्रणालीचे वर्णन कंटेनर (सॉफ्टवेअर आणि त्याला लागणारे सारे एकत्र बांधलेला संच) तयार करताना लिहितात तशाच एका फाइलमध्ये लिहिले जाते, त्यातून एक इमेज, म्हणजे प्रणालीची पूर्ण प्रत, तयार होते, आणि ‘बूटसी’ हे साधन ती इमेज सर्व्हरवर आणते. अपडेट म्हणजे नवी इमेज. ती शेजारी तयार ठेवली जाते आणि रीबूट केल्यावर लागू होते. काही बिघडले तर आधीच्या इमेजवर परत जाता येते. चालू प्रणालीचा ‘यूएसआर’ हा, प्रोग्रॅम जेथे असतात तो, भाग केवळ वाचता येतो, त्यामुळे सहज जाताजाता काही बसवून ठेवण्याची सवय आपोआप मोडते.

परत जाता येते या आश्वासनाला एक मर्यादा आहे, आणि ती समजून घेतल्याशिवाय हा मार्ग धरू नये, असे मला मनापासून वाटते. ‘व्हार’ निर्देशिकेतील, म्हणजे सर्व्हर चालताना साठत जाणारी, माहिती इमेजबरोबर मागे जात नाही. समजा, नव्या इमेजमध्ये डेटाबेसची नवी आवृत्ती होती आणि तिने सुरू होताच माहितीच्या फाइलींचे स्वरूप बदलले; आता तुम्ही जुन्या इमेजवर परतलात, तर जुन्या प्रोग्रॅमसमोर नव्या स्वरूपाच्या फाइली येतील आणि तो सुरूच होणार नाही. म्हणून डेटाबेसचा वेगळा बॅकअप पूर्वीइतकाच आवश्यक आहे.

तीन जणांच्या विभागाला हे झेपेल का? सारख्याच कामाचे अनेक सर्व्हर असतील आणि कंटेनर तयार करण्याची सवय असेल, तर अवश्य झेपेल, आणि श्रमही वाचतील. प्रत्येक सर्व्हर वेगळ्या कामाचा असेल, तर प्रत्येकाची वेगळी इमेज सांभाळणे हेच एक नवे काम होऊन बसेल. जुनी पॅकेज पद्धत दहाव्या आवृत्तीतही पूर्णपणे उपलब्ध आहे. सुरुवात बिनमहत्त्वाच्या एका सर्व्हरपासून करावी.

प्रश्न : नव्या सर्व्हरवरून एका जुन्या नेटवर्क उपकरणाशी एसएसएच (दुरून सुरक्षितपणे आज्ञा देण्याची) जोडणी होत नाही. ‘लीगसी’ हे जुन्या, कमजोर एन्क्रिप्शन पद्धतींना मुभा देणारे धोरण लावण्याचा सल्ला मिळाला. तो मानावा का?

कृपया मानू नये. ते उपकरण बहुधा एसएचए-१ या जुन्या हॅश पद्धतीवर (माहितीचा छोटा ठसा काढण्याच्या पद्धतीवर) आधारलेली डिजिटल स्वाक्षरी वापरत असावे. एसएचए-१ प्रत्यक्षात फोडता येते, हे २०१७ मध्ये दोन वेगवेगळ्या पीडीएफ फाइलींची एकच हॅश काढून जाहीरपणे सिद्ध झाले, आणि नवव्या आवृत्तीपासून अशा स्वाक्षऱ्या मूळ धोरणातच नाकारल्या जातात. एन्क्रिप्शनविषयीचे धोरण संपूर्ण प्रणालीला लागू होते. एका उपकरणासाठी ते सैल केले, तर त्या सर्व्हरच्या इतर सर्व जोडण्यांची सुरक्षाही सैल होते. आधी उपकरणाचे फर्मवेअर अद्ययावत करता येते का ते पाहावे. ते शक्य नसेल, तर आठव्या आवृत्तीचे एक वेगळे, बाहेरच्या जाळ्यापासून तोडलेले यंत्र केवळ त्या उपकरणापर्यंत पोहोचण्यासाठी ठेवावे.

प्रश्न : आजचे एन्क्रिप्शन फोडणारा क्वांटम संगणक अस्तित्वात नाही. मग क्वांटमोत्तर एन्क्रिप्शनची एवढी घाई कशासाठी?

कारण आज पळवलेली माहिती उद्या उघडता येते. जाळ्यावरून जाणारी एन्क्रिप्ट केलेली माहिती आज नुसती साठवून ठेवायची आणि सक्षम यंत्र हाती आले की वाचायची, हा धोका खरा आहे. जी माहिती वीस-पंचवीस वर्षे गुप्त राहायला हवी, उदाहरणार्थ रुग्णांच्या नोंदी, तिच्यासाठी तो आजचाच धोका आहे. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये या क्षेत्रातील पहिली तीन मानके प्रसिद्ध केली. त्यांतील एमएल-केईएम ही पद्धत दोन यंत्रांनी परस्परांत गुप्त किल्ली ठरवण्यासाठी आहे, आणि दहाव्या आवृत्तीत ती जुन्या पद्धतीच्या जोडीने वापरली जाते. म्हणजे नव्या पद्धतीत पुढे दोष आढळला, तरी जुनीचे संरक्षण उरते. हा मला अत्यंत शहाणपणाचा निर्णय वाटतो. तुम्ही आज एवढेच करावे की कोणती माहिती दीर्घकाळ गुप्त राहायला हवी आणि ती कोणत्या जोडण्यांवरून जाते, याची यादी तयार करावी.

प्रश्न : कमांड लाइनवरचा ‘लाइटस्पीड’ सहायक कितपत उपयोगी आहे?

नवशिक्यांना नक्कीच उपयोगी आहे. साध्या भाषेत प्रश्न विचारला की तो उत्तर आणि आज्ञा सुचवतो. ती आज्ञा चालवायची की नाही हे माणसाने ठरवायचे. प्रश्न मात्र बाहेरच्या सेवेकडे जातो, त्यामुळे पासवर्ड किंवा अंतर्गत पत्ते असलेल्या लॉगच्या ओळी त्यात चिकटवू नयेत.

प्रश्न : आम्ही आठव्या आवृत्तीवर आहोत, आणि आमचे एक महत्त्वाचे सॉफ्टवेअर ३२-बिट आहे. थेट दहाव्या आवृत्तीवर जाता येईल का?

थेट जाता येणार नाही. ‘लीप’ हे साधन एका वेळी एकच मोठी आवृत्ती पुढे नेते, म्हणजे आधी नववी आणि मग दहावी. परंतु आपली खरी अडचण वेगळी आहे : दहाव्या आवृत्तीत ३२-बिट लायब्ररींची पॅकेजे दिली जात नाहीत. त्यामुळे सॉफ्टवेअरच्या निर्मात्याकडून ६४-बिट आवृत्ती मिळेपर्यंत आपण नवव्या आवृत्तीपर्यंतच जावे. त्याचीही घाई नाही, कारण आठवीची देखभाल मे २०२९ पर्यंत आहे.

जेव्हा निघाल तेव्हा लीपचा पूर्वतपासणी अहवाल आधी काढा. तो प्रणालीत बदल करत नाही, फक्त अडथळे दाखवतो, म्हणून तो महिनाभर आधी काढण्यात काहीच नुकसान नाही. नेटवर्कच्या जुन्या ‘आयएफसीएफजी’ फाइली दहाव्या आवृत्तीत वाचल्याच जात नाहीत. नववीवर असतानाच त्या नव्या स्वरूपात बदलून घ्या, नाहीतर रीबूटनंतर सर्व्हर चालू असेल, पण जाळ्यावर दिसणार नाही. रेड हॅटबाहेरून आणलेली पॅकेजे लीप आपणहून पुढे नेत नाही. त्यांची यादी स्वतः करावी. आणि लीपला उलटा मार्ग नाही. परत फिरण्याची सोय स्नॅपशॉट (प्रणालीच्या त्या क्षणीच्या स्थितीची प्रत) किंवा पूर्ण बॅकअपनेच होते, आणि तो बॅकअप दुसऱ्या यंत्रावर प्रत्यक्ष उतरवून पाहिल्याशिवाय कामाला हात घालू नका.