धनुष्याचे लाकूड कसे वाळवावे? : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न धनुष्य घडवण्याआधीच्या कामाविषयी, म्हणजे तोडलेले लाकूड साठवण्याविषयी आणि वाळवण्याविषयी आहेत. ओंडका फोडून काढलेल्या ज्या लांब फाकेतून पुढे धनुष्य निघते, तिला उत्तरांत ‘दांडा’ म्हटले आहे. धनुष्याची नेमाकडची बाजू ती पाठ आणि धनुर्धराकडची बाजू ते पोट.

प्रश्न : वादळात पडलेल्या अ‍ॅशच्या झाडाचा दोन मीटर लांबीचा सरळ ओंडका मिळाला. सावलीत ठेवूनही पंधरा दिवसांत दोन्ही टोकांना तडे गेले. आता त्याचे धनुष्य होईल का?

उत्तर : होण्याची शक्यता चांगली आहे, मात्र आता दिरंगाई करू नये. झाडात पाणी वर नेणाऱ्या नळ्या खोडाच्या लांबीने धावतात आणि ओंडका कापला की त्यांची तोंडे टोकांशी उघडी पडतात, त्यामुळे बाजूंच्या मानाने टोके कितीतरी पट वेगाने सुकतात. सुकलेले टोक आकसू पाहते, त्याच्या लगतचे ओले लाकूड त्याला आकसू देत नाही आणि या ओढाताणीत ते फाटते. सावलीने हा वेग कमी होतो, थांबत नाही. त्यातच अखंड ओंडक्याची आणखी एक अडचण असते. लाकूड वाढवलयांच्या (खोडात दरवर्षी वाढणाऱ्या गोल कड्यांच्या) दिशेने जितके आकसते, त्याच्या साधारण निम्मेच ते गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने आकसते (लांबीत तर जवळजवळ आकसतच नाही), म्हणून अखंड वाळवलेला ओंडका गाभ्यापासून सालीपर्यंत कुठेतरी तडकल्याशिवाय सहसा राहत नाही.

तेव्हा ओंडका फोडावा, आणि तो करवतीने न चिरता पाचरी ठोकून फोडावा. पाचर तंतूंच्या मार्गाने जाते, त्यामुळे दांड्याचे तंतू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग राहतात आणि लाकडाला पीळ असेल तर तोही त्याच दिवशी उघड होतो. आपल्या ओंडक्याला पडलेला सर्वांत मोठा तडा हीच पहिल्या पाचरेची जागा धरावी, म्हणजे झालेले नुकसान दोन दांड्यांच्या मधल्या रेषेत जाईल. नंतर प्रत्येक दांड्याच्या टोकाची बोटभर जाडीची चकती कापावी, कापलेला भाग ओल्या फडक्याने पुसून उजेडात निरखावा आणि बारीक काळी रेघ दिसेनाशी होईपर्यंत आणखी चकत्या काढाव्यात. निर्दोष टोक मिळाले की लगेच त्यावर सुतारकामातला पांढरा गोंद, तैलरंग किंवा वितळवलेले मेण यांपैकी काहीही दोन जाड थरांत लावावे. ‘लगेच’ हा शब्द मी अनुभवाने लिहितो आहे. एका उन्हाळ्यात संध्याकाळी कापलेल्या एल्मची टोके मी सकाळी बंद करू म्हणून तशीच ठेवली. सकाळी त्यांवर केसासारख्या चार रेघा होत्या, आणि वाळता वाळता त्यांतली एक वीतभर आत गेली. तो दांडा धनुष्यासाठी आखूड पडला.

प्रश्न : दांडा साठवताना साल ठेवावी की काढावी?

उत्तर : धनुष्याची पाठ कुठल्या थरातून निघणार आहे, यावर ते अवलंबून आहे. अ‍ॅश, एल्म, हिकरी, मेपल यांत सालीखालचे अगदी बाहेरचे वलय हीच बहुधा पाठ असते, म्हणून त्याला इजा होऊ देता कामा नये. साल ठेवली तर लाकूड सावकाश सुकते आणि तडकत नाही, परंतु सालीखाली किडे अंडी घालतात आणि अळ्या नेमक्या त्याच वलयात नागमोडी चर पाडतात. मी स्वतः या झाडांची साल काढतो. वाढीच्या हंगामात तोडलेल्या झाडाची साल ओल्यापणीच हाताने सोलून निघते आणि खाली गुळगुळीत, ओलसर चमकणारी पाठ तयार मिळते. थंडीत तोडलेल्या झाडाची साल मात्र तासूनच काढावी लागते आणि तिथे हत्यार वलयात शिरण्याचा धोका असतो. साल काढल्यावर टोकांप्रमाणेच पाठीलाही त्याच दिवशी लाखेचे पॉलिश किंवा गोंद लावावा, पोटाची आणि कडांची बाजू मोकळी ठेवावी.

ओसेज ऑरेंजची साल आणि तिच्याखालचे फिकट लाकूड दोन्ही काढून गाभ्याच्या पिवळ्या लाकडातल्या एका सलग वलयाची पाठ करण्याची रीत आहे, म्हणून ती पाठही उघडी होताच बंद करावी. यूचे उलट आहे. त्याचे बाहेरचे फिकट लाकूड ताण सोसते आणि आतला तांबूस गाभा दाब सोसतो, त्यामुळे दोन्ही हवेत. 1545 मध्ये बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या इंग्रजी युद्धनौकेतून वर काढलेल्या यूच्या धनुष्यांतही हीच जोडी दिसते.

प्रश्न : पाच वर्षे ओसरीवर ठेवलेला दांडा आता नक्कीच वाळला असेल ना?

उत्तर : वर्षांवरून हे सांगता येत नाही, कारण लाकूड भोवतालच्या हवेइतकेच सुकते आणि तिथे थांबते. साधारण 20 अंश सेल्सिअस तापमानाला हवेची सापेक्ष आर्द्रता 50 टक्के असेल तर लाकडात सुमारे 9 टक्के पाणी उरते, 65 टक्क्यांना सुमारे 12 आणि 80 टक्क्यांना सुमारे 16. धनुष्याला साधारण 8 ते 10 टक्के हवेत. दमट हवेतला दांडा पाच काय, पंधरा वर्षांनीही 16 टक्क्यांवरच असेल, आणि त्याचे धनुष्य केले तर पोटाच्या पेशी दाबाने चेपून दोरी उतरवल्यावरही ते वाकलेलेच राहील. उलट 5 टक्क्यांपर्यंत सुकवलेले लाकूड ठिसूळ होते आणि मोडण्यापूर्वी सूचनाही देत नाही.

म्हणून दांडा कोरड्या हवेच्या खोलीत आणावा, शेजारी आर्द्रतामापक ठेवावा आणि दर आठवड्याला त्याच वेळी वजन करून ते दांड्यावरच पेन्सिलीने लिहावे. माझ्याजवळच्या अ‍ॅशच्या एका दांड्यावर आकड्यांची अशी उतरंड आहे : 5 किलो 100 ग्रॅम, 4 किलो 870, 4 किलो 690, आणि बऱ्याच महिन्यांनंतर 3 किलो 910, 3 किलो 900, 3 किलो 900. शेवटचे आकडे सारखे आले, आणि खोलीची आर्द्रता 50 टक्क्यांच्या आसपास होती, तेव्हाच मी त्याला हत्यार लावले. आर्द्रता न पाहता नुसते वजन स्थिरावल्यावर विसंबू नये, कारण वजन दमट जागेतही स्थिरावते. नेमका आकडा हवा असल्यास दांड्याचा तुकडा टोकापासून जरा आतून कापून लगेच तोलावा, सुमारे 103 अंशांवर ओव्हनमध्ये वजन घटायचे थांबेपर्यंत सुकवावा आणि घटलेल्या वजनाला कोरड्या वजनाने भागावे. 88 ग्रॅमचा तुकडा 80 ग्रॅमवर आला, तर पाणी 10 टक्के होते.

प्रश्न : इतके थांबणे शक्य नाही. उन्हात किंवा हीटरजवळ ठेवून चालेल का?

उत्तर : ओल्या दांड्याला नाही. आधी पेशींच्या पोकळ्यांतले पाणी जाते, तोवर लाकूड आकसत नाही. पाणी सुमारे 30 टक्क्यांखाली उतरले की पेशींच्या भिंतींतले पाणी निघू लागते आणि आकसणे सुरू होते. उष्णतेने हा टप्पा बाहेरचा थर फार आधी गाठतो, आतला भाग ओलाच राहतो आणि दांडा तडकतो. वेळ वाचवण्याचा खरा मार्ग म्हणजे लाकूड कमी करणे. ओला दांडाच धनुष्याच्या ढोबळ आकारात तासावा, अंतिम मापापेक्षा रुंदी आणि जाडी थोडी अधिक ठेवावी, टोके आणि पाठ बंद करावी आणि तो सरळ फळीला दर वीतभर अंतरावर बांधून टाकावा, म्हणजे पीळ भरणार नाही. पहिले दोन-तीन आठवडे वारा नसलेल्या थंड जागी, मग उबदार खोलीत ठेवल्यास तो काही महिन्यांऐवजी बहुधा काही आठवड्यांत तयार होतो.

प्रश्न : साठवलेल्या दांड्यांखाली मैद्यासारखी बारीक भुकटी दिसते.

उत्तर : ही भुकटी लाकूड पोखरणाऱ्या किडीची आहे. ही कीड वाळलेल्या लाकडातही राहते आणि रुंदपर्णी झाडांच्या बाहेरच्या फिकट लाकडातल्या पिष्टावर जगते. दांडे तातडीने वेगळे करावेत. भुकटी झटकून दोन दिवसांनी पुन्हा साचली, तर आत अळी जिवंत आहे असे समजावे. टाचणीच्या डोक्याएवढी छिद्रे पाठीवर असतील, तर तो दांडा धनुष्यासाठी वापरू नये, कारण पूर्ण ताणात पाठ तिथूनच उकलते. बाकीच्या दांड्यांना बोरॅक्सचे पाणी पाजून, पुन्हा वाळवून, जमिनीपासून उंच आडव्या पट्ट्यांवर ठेवावे.