शेजारच्या गावाकडे किल्ली आहे का?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. वादळ-पुराच्या वेळी स्कॅनरवर, म्हणजे रेडिओवरचं बोलणं पकडणाऱ्या यंत्रावर, पोलिसांचं बोलणं ऐकू यायचं, त्याचा मोठा आधार वाटायचा. आता ते सगळं एन्क्रिप्ट करणार म्हणतात, म्हणजे बाहेरच्यांना कळू नये म्हणून कुलूपबंद. आमचं सोडा, पण शेजारच्या गावची मदत आली तर त्यांना तरी ऐकू येईल का? – एक वाचक

उत्तर : पोलीस आणि अग्निशमन दलाचे रेडिओ दुरुस्त करण्यात माझी २२ वर्षं गेली, आणि मला काळजी याच गोष्टीची वाटते.

ऐकू येईल, पण आपोआप नाही. इथले बरेचसे पोलीस रेडिओ ‘प्रोजेक्ट २५’ या मानकाचे असतात आणि त्यात एईएस-२५६ हे भक्कम एन्क्रिप्शन वापरता येतं. त्याची ‘की’, म्हणजे कुलूप उघडणारी डिजिटल किल्ली, प्रत्येक रेडिओत भरावी लागते. ती भरणाऱ्या यंत्राची, की-लोडरची, केबल रेडिओला जोडायची, बटण दाबायचं, झालं. ज्या रेडिओत ती की नाही, तो मात्र मुका राहतो.

एका पुराच्या रात्री शेजारच्या गावातून तिघं पोलीस आले. रेडिओ तेच, चॅनेल तेच, तरी त्यांना काही ऐकू येईना. आमच्याकडे की बदलली होती आणि त्यांना कळवायचं राहून गेलं होतं. भर पावसात गाडीच्या बॉनेटवर लोडर ठेवून, छत्री मानेत धरून मी एकेक रेडिओ भरला. तोवर ते तिघं नुसते उभे होते.

दुसरी अडचण स्वस्ताईची. काही गावं एखाद्या कंपनीचं स्वतःचं ४० बिटांचं एन्क्रिप्शन घेतात. ते कमकुवत तर असतंच, वर दुसऱ्या बनावटीच्या रेडिओला बहुधा कळतही नाही.

एन्क्रिप्शन नसलं की सगळं सुरळीत, असंही नाही. ११ सप्टेंबर २००१ला न्यूयॉर्क पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून सकाळी १०.०८ला इशारा आला, की वर्ल्ड ट्रेड सेंटरचा उत्तरेकडचा मनोरा फार वेळ तग धरणार नाही. तो अग्निशमन दलापर्यंत पोचवायची सोयच नव्हती. १०.२८ला मनोरा कोसळला. तिथे अडचण कुलपाची नव्हती, दोन दलांना जोडणारा दुवाच नव्हता.

पोलीस रेडिओवर लोकांची नावं, जन्मतारखा, लायसन्स नंबर बोलतात. ते झाकायलाच हवं. पण त्यासाठी सगळंच बंद करायची गरज नाही. कॅलिफोर्नियात पालो आल्टोच्या पोलिसांनी २०२१मध्ये सगळं एन्क्रिप्ट केलं आणि २०२२मध्ये रोजचं बोलणं पुन्हा खुलं केलं. मला हेच पटतं. अग्निशमन आणि रुग्णवाहिकेचे कॉल तर खुलेच राहावेत.

गावच्या कौन्सिलच्या बैठकीला जरूर जा आणि विचारा : शेजारच्या गावांकडे आपली की आहे का, ती बदलली की त्यांना कोण कळवतं, आणि ८०० मेगाहर्ट्झवरचं ‘८कॉल९०’सारखं सगळ्या दलांचं सामायिक चॅनेल प्रत्येक रेडिओत एन्क्रिप्शनशिवाय ठेवलंय का. शेवटचं उत्तर ‘बघून सांगतो’ असं आलं, तर पुढच्या बैठकीलाही जा.