पहिल्या गेमिंग पीसीसाठी कॅबिनेट निवडताना नेमकं काय बघावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रायझन ५ ७६०० प्रोसेसर, आरटीएक्स ४०७० ग्राफिक्स कार्ड आणि मायक्रो-एटीएक्स (छोट्या मापाचा) मदरबोर्ड एवढं ठरलंय, पीसी पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने जोडणार आहात, आणि घोडं अडलंय ते कॅबिनेटवर. पुढून आणि बाजूने काचच काच असलेलं एक मनात भरलंय, मित्र मात्र 'जाळीचंच घे' म्हणून मागे लागलेत. शेवटी तो एक डबाच, त्यावर एवढा विचार करायचा का, हेही तुम्ही विचारलंय.

करा विचार. कॅबिनेट बदलून गेमचे फ्रेम्स फारसे वाढत नाहीत हे खरं, पण कार्ड किती तापणार, पंखे किती आवाज करणार आणि जोडणी सरळ होणार की प्रत्येक केबलशी झटापट करावी लागणार, हे बऱ्याच अंशी त्यावरच ठरतं. शिवाय पीसीतला सगळ्यात जास्त वर्षं टिकणारा भाग हाच. मदरबोर्ड आणि कॅबिनेटच्या मापांचा एटीएक्स हा साचा इंटेलने १९९५ साली आणला, आणि बोर्ड बसवायच्या स्क्रूंच्या जागा अजूनही त्याच आहेत. प्रोसेसर बदलेल, कार्ड बदलेल, चांगलं कॅबिनेट मात्र तिथेच राहील. म्हणून आज घेतलेल्या कार्डाइतकाच, चार-पाच वर्षांनी घ्याल त्या कार्डाचाही विचार आत्ताच करायला हवा.

काच की जाळी, यात मी मित्रांच्या बाजूने आहे. का ते सांगतो.

४०७० भर खेळात २०० वॉटच्या आसपास वीज खातं. ७६०० जास्तीत जास्त ८८ वॉट घेतो, गेममध्ये त्याहून कमी. ही वीज जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. आता, कार्डावरचे पंखे ही उष्णता नाहीशी करत नाहीत, ते फक्त ती धातूच्या पात्यांवरून उचलून आसपासच्या हवेत सोडतात. हल्लीच्या बहुतेक कार्डांत ही गरम हवा कॅबिनेटच्या आतच पसरते. ती बाहेर गेली नाही आणि तिच्या जागी थंड हवा आली नाही, तर कार्ड स्वतःच सोडलेली गरम हवा पुन्हा ओढू लागतं. मग त्याचे पंखे आणखी जोरात फिरतात, आवाज वाढतो, आणि तरीही तापमान उतरत नाही. कार्ड कितीही महागाचं असो, त्याला हवा देणं हे कॅबिनेटचं काम आहे.

समोर अखंड काच किंवा पत्रा असला, तर हवा यायला उरतात त्या कडेच्या बारीक फटी. आत तीन पंखे लावले तरी ते फिरतात, ओढत मात्र फारसं काही नाहीत. एनझेडएक्सटीचं एच५१० एके काळी पहिल्या बिल्डसाठी सगळीकडे दिसायचं, आणि त्याच्या बंद दर्शनी भागावर हीच टीका व्हायची. पुढे त्याच कंपनीने पुढून जाळी असलेली 'फ्लो' आवृत्ती काढली. आज बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या मध्यम आकाराच्या कॅबिनेटमध्ये 'एअरफ्लो', 'मेश' किंवा 'फ्लो' असं काहीतरी नावातच असतं. पण नावावर जाऊ नका, फोटो बघा. काही स्वस्त मॉडेल्समध्ये समोर जाळीची नक्षी असते आणि तिच्या मागे सलग ॲक्रिलिक. दर्शनी पॅनेल काढलेला फोटो शोधा. समोरून बघितल्यावर आतल्या पंख्यांची पाती अंधुक तरी दिसायला हवीत. जाळी अगदी बारीक असेल आणि तिच्या मागे पुन्हा वेगळा जाड फिल्टर असेल, तर तिथेही हवा कोंडते. एकच थर पुरतो.

पण काचेची हौस तुम्ही पूर्ण सोडावी असं मी म्हणत नाही. डाव्या बाजूची काच हवेच्या वाटेत येतच नाही. बहुतेक जाळीच्या कॅबिनेटना ती असते, आणि स्वतः जोडलेली मशीन आत उजळलेली बघण्यात जो आनंद आहे तो मलाही फार प्रिय आहे.

तुम्हाला आवडलेला जो प्रकार आहे, समोर आणि बाजूला काच, तो लियान लीच्या ओ११ डायनॅमिकपासून खूप लोकप्रिय झाला. तो वाईट आहे असं मुळीच नाही. त्यात हवा समोरून येत नाही, बोर्डाशेजारच्या बाजूने आणि खालून येते. खाली पंखे लावले तर कार्डाला थेट ताजी हवा मिळते आणि तापमान छान राहतं. अडचण वेगळीच आहे: अशी बरीच कॅबिनेटं पंख्यांशिवाय विकतात, आणि नीट चालवायची तर सहा-सात पंखे वेगळे घ्यावे लागतात. पहिल्या बिल्डमध्ये तेवढाच खर्च कार्डावर किंवा एसएसडीवर गेलेला मला जास्त योग्य वाटतो. हौस जबर असेल तर घ्या, फक्त पंख्यांची किंमत कॅबिनेटच्या किमतीत धरून मग तुलना करा.

पंख्यांचं गणित सोपं आहे. समोर दोन १४० मिमीचे किंवा तीन १२० मिमीचे आत ओढणारे, मागे एक बाहेर फेकणारा. तुमच्या मशीनला एवढं भरपूर झालं. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त असली की धूळ फटींमधून शिरत नाही, फिल्टरवरच अडते, आणि फिल्टर धुता येतो. वरच्या बाजूला पंखे लावायची घाई करू नका. वर अगदी पुढे लावलेला पंखा समोरून आलेली थंड हवा प्रोसेसरच्या कूलरपर्यंत पोचायच्या आधीच बाहेर फेकतो. पंख्याची दिशा ओळखायची तर ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या आडव्या दांड्या दिसतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते.

सोबत येणाऱ्या पंख्यांच्या पिना मात्र तपासा. चार पिनांचे पंखे उत्तम, कारण बोर्ड त्यांचा वेग हवा तसा कमी-जास्त करतो. तीन पिनांचेही चालतात, वेग तेव्हा व्होल्टेजने बदलतो. थेट पॉवर सप्लायच्या मोठ्या चार पिनांच्या मोलेक्स प्लगला जोडायचे पंखे सतत पूर्ण वेगाने फिरतात. रात्री शांततेत खेळणाऱ्याला ते नकोसे होतात.

आता मापं. इथे टेप घेऊनच बसायला हवं.

एटीएक्स बोर्ड ३०५ × २४४ मिमी, मायक्रो-एटीएक्स २४४ × २४४, मिनी-आयटीएक्स १७० × १७०. मिड-टॉवर, म्हणजे मध्यम आकाराच्या, कॅबिनेटमध्ये हे तिन्ही बसतात. तुमचा बोर्ड छोटा आहे म्हणून छोटंच कॅबिनेट घ्यायला हवं असं नाही. पहिल्या वेळेला आत हात घालायला जागा असणं फार मोलाचं असतं. मिनी-आयटीएक्सची इवलीशी कॅबिनेटं मोहक दिसतात, पण त्यात प्रत्येक पार्ट मिलिमीटरने मोजून घ्यावा लागतो आणि बसवण्याचा क्रम चुकला की सगळं पुन्हा काढावं लागतं. ती दुसऱ्या बिल्डसाठी ठेवा.

कार्डाची लांबी हे पहिलं माप. एनव्हिडियाचं स्वतःचं ४०७० फाउंडर्स एडिशन २४४ मिमी लांब आहे, पण त्याच चिपची इतर कंपन्यांची तीन पंख्यांची कार्डं ३०० मिमीच्या पुढे जातात. म्हणजे नुसतं '४०७०' पुरेसं नाही, नेमकं मॉडेल बघा. कॅबिनेटच्या माहितीत 'कमाल कार्ड लांबी ३६० मिमी' असं लिहिलेलं असतं, पण खालची बारीक टीपही वाचा, कारण हा आकडा बहुधा समोर रेडिएटर (पाण्याने थंड करणाऱ्या कूलरची जाळी) नसताना खरा असतो. पंखा २५ मिमी जाड, नेहमीचा रेडिएटर २७ मिमी. दोन्ही समोर बसवले की ५२ मिमी जातात. पुढच्या कार्डासाठी म्हणून मी ३४० मिमीपेक्षा कमी जागा असलेलं कॅबिनेट आज घेणार नाही.

दुसरं माप कूलरच्या उंचीचं. ७६०० सोबत येणारा छोटा कूलर कुठेही बसतो. पण पुढेमागे उभा टॉवर कूलर घ्यावासा वाटतोच, आणि १२० मिमी पंख्याचे टॉवर साधारण १५५ ते १६० मिमी उंच असतात. नॉक्चुआचा एनएच-डी१५ तर १६५ मिमी. कॅबिनेटची मर्यादा १६५ ते १७० असेल तर निवांत राहाल.

कूलरची ही मर्यादा म्हणजे खरं तर कॅबिनेटची रुंदी, आणि याच रुंदीचा आणखी एक उपयोग आहे, तो बरेच जण विसरतात. ४०७० च्या पुष्कळ मॉडेल्सवर नवा १६ पिनांचा पॉवर कनेक्टर असतो, आणि त्याची केबल कनेक्टरपासून निदान ३५ मिमी सरळ ठेवावी, लगेच वाकवू नये, अशी शिफारस आहे. प्लग पूर्ण न बसणं किंवा केबल तोंडाशीच वाकणं यामुळे कनेक्टर वितळल्याची प्रकरणं मोठ्या कार्डांच्या बाबतीत गाजलेली आहेत. तुमच्या कार्डाची वीज त्यामानाने बरीच कमी आहे, पण अरुंद कॅबिनेटमध्ये काच त्या केबलला दाबत असेल तर ते टाळलेलंच बरं. ढोबळ अंदाज म्हणून कार्डाची रुंदी अधिक ३५ करा, आणि ती बेरीज कॅबिनेटच्या कूलर-मर्यादेच्या आत येते का बघा.

पॉवर सप्लायचं माप विशेष अवघड नाही. एटीएक्स पॉवर सप्लाय १५० मिमी रुंद, ८६ मिमी उंच आणि बहुधा १४० ते १६० मिमी खोल असतो. फक्त खालच्या कप्प्यात हार्ड डिस्कचा पिंजरा असेल तर केबल कोंबाव्या लागतात. तुम्ही एम.२ एसएसडी (थेट बोर्डावर बसणारी) वापरणार असाल तर पिंजरा काढून ठेवा. आणि काही कॅबिनेटबरोबर बिननावाचा पॉवर सप्लाय आधीच बसवून मिळतो, तो २०० वॉटच्या कार्डाला जोडू नका. पॉवर सप्लाय वेगळाच घ्यायचा.

जोडणीच्या दृष्टीने बोर्डाच्या मागे किती जागा आहे ते विचारा. २० मिमीच्या आसपास असेल तर जाड २४ पिनांची केबल मागून नेऊन झाकण सहज लागतं. बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्याजवळ प्रोसेसरच्या केबलसाठी भोक हवंच. आणि तुमच्यासाठी खास: एटीएक्स कॅबिनेटमध्ये मायक्रो-एटीएक्स बोर्ड बसवताना, खाली आधीच लावलेल्या पितळी उंचवट्यांपैकी जे तुमच्या बोर्डाच्या भोकांखाली येत नाहीत ते काढून टाका. तसाच राहिलेला उंचवटा बोर्डाच्या पाठीमागच्या सोल्डरला टेकून शॉर्ट होऊ शकतो.

समोर यूएसबी टाइप-सी पोर्ट असेल तर त्यासाठी बोर्डावर वेगळा हेडर (केबल लावायची जागा) लागतो. तो तुमच्या बोर्डावर आहे का बघा, नाहीतर पोर्ट नुसता शोभेला. रंगीत दिव्यांचंही तसंच. ५ व्होल्टचा तीन पिनांचा आणि १२ व्होल्टचा चार पिनांचा, असे दोन प्रकार आहेत, आणि ५ व्होल्टचे दिवे १२ व्होल्टला जोडले तर जळतात. जबरदस्तीने प्लग घुसवायचा नाही, एवढं लक्षात ठेवा. बोर्डाच्या पाठीमागे कनेक्टर असलेले नवे बोर्ड आणि त्यांची कॅबिनेटं दिसतील, त्यांचा तुमच्या नेहमीच्या बोर्डाशी संबंध नाही.

नावं हवी असतील तर कोर्सेअर ४०००डी एअरफ्लो अजूनही उत्तम: कार्डाला ३६० मिमी, कूलरला १७० मिमी. सोबत दोनच पंखे येतात, समोर आणखी एक घाला. लियान ली लॅनकूल २१६ मध्ये समोर १६० मिमीचे दोन मोठे पंखे आणि मागे १४० मिमीचा एक असतो, म्हणजे काहीच वेगळं घ्यायला नको. तुमच्या जागी मी हेच घेतलं असतं. काचेपेक्षा वेगळं, घरात शोभेल असं काही आवडत असेल तर फ्रॅक्टल डिझाइनचं नॉर्थ बघा. समोर लाकडी पट्ट्या आहेत आणि त्यांच्यामधून हवा व्यवस्थित जाते.

बाजूची काच काढल्यावर ती कधीही टाइल्सच्या फरशीवर उभी ठेवू नका. टेम्पर्ड काच मधोमध मार सोसते, पण कडेला किंवा कोपऱ्याला सिरॅमिकचा हलका धक्का बसला तरी क्षणात तिचा चुरा होतो. जाड कापडावर किंवा गादीवर आडवी ठेवा.

सगळं जोडून झालं की एखादा जड गेम अर्धा तास चालवा आणि कार्डाचं तापमान टिपून ठेवा. मग दर्शनी पॅनेल काढा आणि तोच गेम तेवढाच वेळ पुन्हा चालवा. दोन-तीन अंशांचा फरक असेल तर कॅबिनेट हवा नीट घेतंय. आठ-दहा अंश उतरले तर फिल्टर आधी साफ करून बघा. तरीही फरक तेवढाच राहिला तर हवा त्या पॅनेलमध्येच अडतेय.